साम्य आणि मालकी

फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केले, तेव्हा मराठी वाचकांच्या चर्चेत एक प्रश्न हमखास येत असे. 'पण ही माणसे एकच ना? भाषा एक, धर्म एक, लिपी एक. मग भांडण कशाचे?' प्रश्न भाबडा होता, पण निरागस नव्हता. आपल्या पिढ्यांनी तो सारा प्रदेश मॉस्कोहून छापून येणाऱ्या स्वस्त आणि सुबक सोविएत पुस्तकांतून ओळखला. त्या पुस्तकांत गोगोल रशियन होता, कीव्ह रशियन होते, कझाकांच्या शौर्यकथाही रशियन होत्या. मोठ्या भाषेच्या खिडकीतून पाहिले की शेजारचे घर त्याच वाड्याचा एक सोपा वाटू लागते. मराठीच्या खिडकीतून आपणही असेच एक घर कैक वर्षे पाहत आलो आहोत, आणि म्हणूनच रशियन-युक्रेनी साम्यभेदांचा विचार मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याने करायचा तर त्याची सुरुवात गोव्यापासून व्हावी असे मला वाटते.

आधी साम्यांची यादी मोकळेपणाने मान्य करू. रशियन आणि युक्रेनी या दोन्ही पूर्व स्लाव्ह भाषा. दोहोंची लिपी सिरिलिक, चारदोन अक्षरांच्या फरकाने. दोन्ही समाज आपला धर्मेतिहास ९८८ सालच्या त्याच बाप्तिस्म्यापाशी नेतात. त्या राजाला एक 'व्लादिमीर' म्हणतो, दुसरा 'वोलोदिमिर'. बीटाचे तेच सूप दोन्हीकडच्या चुलीवर शिजते. २०२२मध्ये युनेस्कोने युक्रेनी बोर्श्च पाककृतीला तातडीने जतन करावयाच्या वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा त्या सुपाचेही राजकारण झाले.

आता भेद पाहा. युक्रेनी भाषेच्या शब्दसंग्रहात पोलिश आणि बेलारूसी यांच्याशी जुळणारे शब्द विपुल आहेत. आभार मानताना रशियन माणूस 'स्पासीबो' म्हणतो, युक्रेनी 'द्याकुयू'. रशियनने महिन्यांची नावे लॅटिन वळणाची घेतली. युक्रेनीने ऋतूंवरून पडलेली जुनी नावे ठेवली, तिच्यात नोव्हेंबर म्हणजे 'लिस्तोपाद', पानगळ. संबोधनाची विभक्ती रशियनमधून जवळजवळ गेली, युक्रेनीत ती रोजच्या बोलण्यात आहे. एकच शब्द दोन्हीकडे असतो आणि अर्थ सरकलेला असतो. रशियनमध्ये ज्या शब्दाचा अर्थ 'आठवडा', त्याच्याच युक्रेनी रूपाचा अर्थ 'रविवार'.

हे वाचताना कुणाही मराठी वाचकाला कोकणी आठवावी. देवनागरी लिपी समान, संस्कृतोद्भव शब्दांचा साठा समान, म्हाळसा-मंगेशीपासून विठोबापर्यंतची दैवते समान. तरी मराठीचा 'घोडा' तिथे 'घोडो' होतो, 'मी'चा 'हांव' होतो, 'पाणी'ऐवजी 'उदक' येते, 'पाहिजे' आणि 'नको' यांच्या जागी 'जाय' आणि 'नाका', आणि क्रियापद 'करणे' न राहता 'करप' होते. यांतले काही शब्द आपल्या जुन्या ग्रंथांत सापडतात म्हणून 'ही तर जुनी मराठीच' असे म्हणण्याचा मोह होतो. तो मोह आवरावा, कारण दोन बहिणींकडे आजीचा दागिना असला म्हणून एक बहीण दुसरीची मुलगी ठरत नाही.

हा भेद गोव्यात नव्याने कुणी शोधून काढलेला नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. ते मराठी ओवीबद्ध काव्य आपण अभिमानाने शिकवतो. त्याच स्टीफन्सने गोव्याच्या लोकभाषेचे, म्हणजे कोकणीचे, व्याकरणही लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर १६४०मध्ये प्रसिद्ध झाले. काव्यासाठी एक भाषा आणि व्याकरण लिहावे अशी बोलण्याची दुसरी भाषा, हे विभाजन त्याच्या एकट्याच्याच कामात दिसते. देवळातले कीर्तन, पोथी, पत्रव्यवहार आणि पुढे वर्तमानपत्र मराठीत, तर घरातले बोलणे, ओव्या, भांडण आणि लाडिकपणा कोकणीत, अशी कामांची वाटणी गोव्याच्या हिंदू समाजात शतकानुशतके चालली. एकोणिसाव्या शतकातल्या युक्रेनमध्येही असेच होते. कचेरी, विद्यापीठ आणि मासिके रशियनमध्ये, तर शेत, चूल आणि गाणे युक्रेनीत.

ही वाटणी जोवर कुणाला खुपत नाही तोवर सारे सुरळीत असते. घरातल्या भाषेत कुणी गंभीर काही लिहू लागले की मोठी भाषा चपापते. तेव्हा 'बोली' हा शब्द पुढे येतो. भाषाशास्त्रात तो शब्द निरुपद्रवी आहे. व्यवहारात मात्र तो घरात तुमची जागा कोणती ते सांगतो. रशियन साम्राज्याचा गृहमंत्री वालुयेव याने १८६३च्या परिपत्रकात युक्रेनीला स्वतंत्र भाषा मानण्याची कल्पनाच मोडीत काढली, आणि १८७६च्या एम्स फर्मानाने त्या भाषेतल्या पुस्तकांची छपाई जवळपास बंद केली, बाहेरून पुस्तके आणण्यावरही बंदी घातली. नसलेल्या भाषेवर बंदी घालावी लागते, यातली विसंगती त्या फर्मानाच्या कर्त्यांना जाणवली नसावी. पुढे १९०५मध्ये पीटर्सबर्गच्या शाही विज्ञान अकादमीनेच युक्रेनी ही रशियनची बोली नसून स्वतंत्र भाषा आहे असा अभिप्राय दिला.

इथे समांतर रेषा ओढताना एक भान ठेवावे लागते. मराठीने कोकणीवर कधी बंदी घातली नाही. बंदीचे फर्मान काढले ते पोर्तुगीजांनी, १६८४ साली. उलट त्या राजवटीत गोव्यातल्या अनेकांनी आपले आत्मभान मराठीच्या आधाराने टिकवले. त्यामुळे मराठी ही गोव्यात परकी भाषा नाही, आणि ती तिथे राजभाषा व्हावी ही मागणी आजही होते, हे दोन्ही खरे. मात्र 'बोली' हा शब्द आपणही त्याच हेतूने वापरला. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडाने १९०५मध्ये कोकणी मराठीखाली नोंदवली, आणि तो खंड आपल्या बाजूच्या वकिलांचा आवडता साक्षीदार झाला. गोव्यातच जन्मलेले अ. का. प्रियोळकर यांच्यासारखे साक्षेपी संशोधक या बाजूचे होते. दुसरीकडे सु. मं. कत्रे यांनी १९४२च्या आपल्या ग्रंथात कोकणीच्या स्वतंत्र घडणीची मांडणी केली, आणि त्याआधी वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, म्हणजे शणै गोंयबाब, यांनी मुंबईत राहून आयुष्यभर कोकणी गद्य घडवले. साहित्य अकादमीने १९७५मध्ये कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. त्या निर्णयाविरुद्ध मराठी साहित्यविश्वात जो क्षोभ उसळला त्याचा सूर पाहिला तर एखादा प्रांत गमावल्यासारखा होता. शेजाऱ्याला ग्रंथालय मिळाले म्हणून आपले एकही पुस्तक कमी होत नाही, एवढी साधी गोष्ट तेव्हा सुचली नाही.

भाषाशास्त्र हा वाद पूर्णपणे सोडवू शकेल अशी आशा मला वाटत नाही. दोन रूपांमधले अंतर मोजता येते. ते किती झाले म्हणजे भाषा वेगळी हे मोजपट्टीवर लिहिलेले नसते. मालवणीचे उदाहरण घ्या. तेरेखोल नदीच्या दोन्ही काठांवरच्या बोलण्यात फरक फार थोडा. पण अलीकडच्या सिंधुदुर्गातला माणूस मालवणी बोलतो, मालवणी नाटकावर जीव टाकतो आणि स्वतःला निःशंकपणे मराठी म्हणवतो. पलीकडचा पेडण्याचा माणूस तसेच बोलून गोंयकार असतो. रशियातल्या कुबान प्रांतात कझाकांच्या वंशजांची बोली युक्रेनीच्या मुळावर वाढलेली आहे, तरी ते बहुसंख्येने स्वतःला रशियन मानतात. नदी ओलांडली की व्याकरण बदलत नाही, आपण कोण याचे उत्तर बदलते. ते उत्तर देण्याचा अधिकार त्या त्या माणसांचाच आहे.

हा अधिकार दोन्ही ठिकाणी मतपेटीतून बजावला गेला. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, असा प्रश्न होता. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. या आकड्यांपेक्षा मला दोन गोष्टी अधिक बोलक्या वाटतात. विलीनीकरणाविरुद्धचा प्रचार ज्या दैनिकाने सर्वांत जोमाने केला ते 'राष्ट्रमत' मराठी दैनिक होते. चंद्रकांत केणी यांच्या संपादनाखालच्या त्या पत्रात उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे गाजलेले सदर मराठीतच येत असे. महाराष्ट्रात जायचे नाही, हे गोव्याने मराठीत वाचले, मराठीत ठरवले. दुसरी गोष्ट त्यानंतरची. कौलानंतर दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत गोव्याने भाऊसाहेब बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच पुन्हा सत्ता दिली, ज्या पक्षाचा जन्मच विलीनीकरणाच्या मागणीतून झाला होता. मतदार गोंधळलेले होते असा याचा अर्थ लावणे सोपे आहे. मला वाटते, त्यांना नेमके ठाऊक होते. मराठी हवी, मराठी नाटक हवे, बांदोडकर हवेत. मंत्रालय मात्र मुंबईचे नको.

१ डिसेंबर १९९१ रोजी युक्रेनमध्ये स्वातंत्र्यावर सार्वमत झाले. ९० टक्क्यांहून अधिक मते बाजूने पडली. दोन्येत्स्क आणि लुहान्स्क या रशियन भाषेचे वर्चस्व असलेल्या प्रांतांतही ८० टक्क्यांहून अधिक, आणि क्रिमियातही निम्म्याहून अधिक मतदारांनी होकार दिला. घरात रशियन बोलणाऱ्या लक्षावधी माणसांनी युक्रेनच्या बाजूने मत दिले. माणूस कोणत्या भाषेत बोलतो त्यावरून तो कुणाचा हे ठरत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे या दोन कौलांचे नशीब वेगळे झाले. १९६७चा निकाल महाराष्ट्राने मनाला लागूनही मानला. १९८०च्या दशकातले गोव्यातले भाषा-आंदोलन रक्त सांडूनच शमले हे खरे असले, तरी १९८७मध्ये राजभाषा कायदा आणि घटक राज्याचा दर्जा, १९९२मध्ये कोकणीचा आठव्या अनुसूचीत समावेश, असा प्रवास कायद्याच्या वाटेने झाला. १९९१च्या कौलाला मात्र जुलै २०२१मध्ये रशियन राष्ट्राध्यक्षांनी दोन्ही लोकांच्या 'ऐतिहासिक ऐक्या'वर दीर्घ लेख लिहून उत्तर दिले, आणि सात महिन्यांनी रणगाडे पाठवले. त्या लेखात साम्यांचीच यादी होती. यादीतल्या बऱ्याच गोष्टी खऱ्याही होत्या. खऱ्या साम्यांवरून खोटी मालकी कशी उभी करतात, याचा तो पाठ आहे.

इथवरचा भाग राजकारणाचा झाला. साहित्याच्या वर्गात हा प्रश्न दुभाषी लेखकाच्या रूपाने उभा राहतो. गोगोल १८०९मध्ये पोल्तावा परिसरात जन्मला, युक्रेनी लोककथांवर वाढला आणि त्याने रशियनमध्ये लिहिले. त्याच्या 'तारास बुल्बा'ची १८३५ची आवृत्ती आणि १८४२ची विस्तारित आवृत्ती शेजारी ठेवल्या तर दुसरीत रशियन भूमीचा गजर वाढलेला दिसतो. एकाच कथेत लेखक दोन घरांमध्ये ये-जा करतो आहे. तारास शेव्चेन्को हा भूदास म्हणून जन्मलेला कवी. १८४०च्या 'कोब्झार'पासून त्याची कविता युक्रेनीत. पण त्याची रोजनिशी आणि कादंबरिका रशियनमध्ये. झारने १८४७मध्ये त्याला हद्दपार करून सैन्यात धाडले, लिहिण्यावर आणि चित्रे काढण्यावर बंदी घातली. त्याला अर्धा कापून वाटता येत नाही.

आपल्याकडे बा. भ. बोरकर आहेत. मराठी अभ्यासक्रमात ते निसर्गाचे आणि नादाचे कवी म्हणून येतात. १९८१चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना 'सासाय' या कोकणी कवितासंग्रहासाठी मिळाला, ही माहिती मराठी घेऊन पदवी मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला सहसा कुणी देत नाही. लक्ष्मणराव सरदेसाई मराठी कथेच्या इतिहासात गोमंतकीय वातावरणाचे कथाकार म्हणून नोंदले जातात. १९८२चा अकादमी पुरस्कार त्यांच्या 'खबरी' या कोकणी पुस्तकाला होता. शंकर रामाणींची कविता दोन्ही भाषांत आहे. आपण या लेखकांचे मराठी अर्ध घेतो आणि उरलेले अर्ध 'बोलीतले लेखन' म्हणून तळटीपेत टाकतो. गोव्यातही काही वेळा उलट घडते आणि त्यांचे मराठी अर्ध अवघडल्यासारखे बाजूला ठेवले जाते. दोन्हींकडे वाचकाचे नुकसान सारखेच होते. ज्या कवीने आपली एक कविता एका भाषेत आणि दुसरी दुसऱ्या भाषेत का लिहिली हा प्रश्न विचारल्याशिवाय कळत नाही, त्या कवीबद्दल तो प्रश्नच आपण विचारत नाही.

मराठवाड्यातून हा सारा प्रकार आणखी वेगळा दिसतो. संभाजीनगरची मुकुंदवाडी ही काही मराठी साहित्याची राजधानी नाही. जालना रस्त्यालगतची, रेल्वे स्थानकाजवळची, चिकलठाण्याच्या कारखान्यांत कामाला आलेल्या माणसांनी भरलेली ही वस्ती. इथल्या घरांतून परभणी-लातूरकडचे 'जायलो', 'करायलो' ऐकू येते, शेजारच्या घरातून दखनी ऐकू येते, आणि याच घरांतली मुले महाविद्यालयात आली की पहिल्याच वर्षी शिकतात की आपण घरी बोलतो ते 'अशुद्ध' आहे. इतिहास मात्र उलटे सांगतो. मुकुंदराजांचे अंबाजोगाई, ज्ञानदेवांचे आपेगाव, एकनाथांचे पैठण, महानुभावांच्या चरित्रग्रंथांतला गोदाकाठ, म्हणजे जुन्या मराठी वाङ्मयाची जी पुण्यभूमी ती हीच. प्रमाण भाषेचे आसन पुढे पुण्याकडे सरकले आणि गोदाकाठ 'ग्रामीण' झाला. कीव्हचेही असेच झाले. जुन्या रूस राज्याची राजधानी तीच. पुढे सत्ता उत्तरेला मॉस्को आणि पीटर्सबर्गकडे गेली, आणि कीव्हभोवतीचा प्रदेश 'लहान रशिया' म्हणून ओळखला जाऊ लागला. ज्येष्ठाला धाकटे ठरवण्याची ही रीत मराठवाड्याच्या माणसाला कुणी समजावून सांगावी लागत नाही. शिवाय १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात उच्च शिक्षण उर्दूतून घेतलेल्या पिढीची नातवंडे आपण आहोत. कोकणीचे म्हणणे महाराष्ट्रात सर्वांत आधी समजायला हवे ते आपल्याला.

यावर एक रास्त आक्षेप येतो. असे प्रत्येक बोलीने स्वतंत्र म्हटले तर मराठीचे काय उरेल? अहिराणी जाईल, वऱ्हाडी जाईल, मालवणी जाईल. मालवणीचे उत्तर वर आलेच आहे. ती गेली नाही, कारण तिला जावेसे वाटले नाही. मराठी नाट्यगृहात तिला प्रेमाने जागा मिळाली हेही त्याचे एक कारण असावे. जी भाषा आपल्या बोलींना हसते तिच्या बोली दुरावतात. ही जबाबदारी धाकट्या भाषांवरही येते. गोव्याच्या राजभाषा कायद्यात कोकणी म्हणजे देवनागरीतली कोकणी अशी व्याख्या आहे. रोमी लिपीत पिढ्यान्‌पिढ्या कादंबऱ्या, नियतकालिके आणि तियात्र लिहिणाऱ्या ख्रिस्ती समाजाला ती आजही सलते. युक्रेनमध्येही, आंद्रेई कुर्कोव्हसारखा लेखक रशियनमध्ये लिहितो आणि युक्रेनच्या बाजूने ठामपणे उभा राहतो, त्याला नेमके कुठे बसवायचे हा प्रश्न तिथल्या वाङ्मयेतिहासापुढे आहे. अन्याय सोसलेली भाषा आपोआप न्यायी होत नाही. पण म्हणून तिच्यावरचा अन्याय रास्तही ठरत नाही.

आपल्याच दारात हा प्रश्न नुकताच येऊन गेला. एप्रिल २०२५मध्ये महाराष्ट्र शासनाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून आणण्याचा निर्णय काढला. लिपी तीच, शब्द तेच, मुलांना जड काय जाणार, असे तेव्हा सांगितले गेले. मराठी समाज खवळला, आणि जूनच्या अखेरीस ते निर्णय मागे घ्यावे लागले. तो संताप योग्यच होता. लिपी एक असल्याने भाषा एक होत नाही आणि जवळीक दाखवून हक्क सांगता येत नाही, हे तेव्हा आपण तावातावाने मांडत होतो. शणै गोंयबाबांचे म्हणणे वेगळे काय होते? ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. अभिजात भाषेला थोडे औदार्य परवडायला हरकत नाही.

हे औदार्य भाषणांत दाखवण्यापेक्षा अभ्यासक्रमात दाखवावे. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात बोरकरांची मराठी आणि कोकणी कविता एकाच तासाला, मुळातून, शेजारी ठेवून वाचावी. लिपी तर एकच आहे, विद्यार्थ्याला लागेल ती शब्दार्थांची एक छोटी यादी. 'क्रिस्तपुराण' शिकवताना स्टीफन्सच्या कोकणी व्याकरणाचाही परिचय करून द्यावा. रवींद्र केळेकर आणि दामोदर मावजो या दोन कोकणी लेखकांना ज्ञानपीठ मिळाले आहे. त्यांना 'मराठीच्या बोलीतले' म्हणून कुरवाळू नये आणि परके म्हणून टाळूही नये, शेजारच्या साहित्यातले समर्थ गद्यकार म्हणून वाचावे. मग विद्यार्थ्याला कोकणीत जे ओळखीचे वाटेल त्याने त्याला आनंद होईल, आणि जे अडेल तिथे तो थांबून विचार करील. शेव्चेन्को आणि गोगोल यांच्याकडे वळायला त्यानंतर फार वेळ लागणार नाही.